भुकेचा पत्ता

बाल कृष्ण आनंद हे नाव आपल्याकडच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला बहुधा एका वाक्यापुरतंच माहीत असतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या बाहेरच्या बाजूला भुकेचं केंद्र असतं, आतल्या बाजूला तृप्तीचं केंद्र असतं, आणि यांतलं पहिलं आनंद व जॉन ब्रोबेक यांनी १९५१ साली शोधलं. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. या वाक्याचं पुढे काय झालं याविषयी दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक अभिमानाचं: भुकेचं केंद्र एका भारतीयाने शोधलं आणि जगाने त्याला हवं तेवढं श्रेय दिलं नाही. दुसरं नव्या मेंदूविज्ञानात वाढलेल्यांचं: केंद्रांची कल्पना केव्हाच मोडीत निघाली, आता ती इतिहासाच्या तासाला सांगायची. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात आणि दोन्हींची चूकही एकच वाटते. आनंद यांनी जे पाहिलं ते आणि त्यावरून जे मानलं गेलं ते, या दोन गोष्टी ती वेगळ्या काढत नाहीत. जे पाहिलं ते सत्तर वर्षांनंतरही खोटं ठरलेलं नाही. जे मानलं ते मात्र जवळजवळ सगळं बदललं. मेंदूचा एखादा भाग नष्ट करून त्याचं काम कळतं का, या प्रश्नाचं उत्तर शोधताना भुकेच्या संशोधनाइतकी शिकवण दुसऱ्या कुठल्या विषयाने क्वचितच दिली असेल.

भूक पोटात लागते हे कोणाला शिकवावं लागत नाही. पोटात कावळे ओरडायला लागले असं आपण म्हणतो तेव्हा नकळत शरीरक्रियाशास्त्रातला एक जुना सिद्धांतच सांगत असतो. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी तो १९१२ साली प्रयोगाने मांडला. त्यांचे सहकारी वॉशबर्न यांनी रबराचा फुगा गिळला, त्याची नळी दाब नोंदवणाऱ्या यंत्राला जोडली आणि भुकेची कळ आली की खूण केली. कळ आणि जठराचं आकुंचन यांचा मेळ बसला. पण जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते, आणि जठराकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा तोडलेले प्राणीही वेळच्या वेळी खातात. जठर भुकेची वर्दी देत असेल, पण वर्दी देणारा म्हणजे घरमालक नव्हे. त्याच्याही आधीपासून दुसरा धागा रुग्णांकडून येत होता. १८४० साली जर्मनीत बर्नहार्ड मोर यांनी आणि १९०१ साली व्हिएन्नात आल्फ्रेड फ्रोलिश यांनी मेंदूच्या तळाशी गाठ असलेले, झपाट्याने लठ्ठ झालेले रुग्ण नोंदवले. गाठ पिट्युटरी ग्रंथीपाशी असल्यामुळे दोष ग्रंथीचा, की तिच्या वर असलेल्या हायपोथॅलॅमसचा, हा वाद अनेक वर्षं चालला. ग्रंथी काढायला गेलं की वरच्या भागाला धक्का लागतोच, त्यामुळे सुरीने हा वाद मिटण्यासारखा नव्हता. तो मिटवला एका यंत्राने. हॉर्सली आणि क्लार्क यांनी १९०८ साली बनवलेल्या चौकटीत प्राण्याचं डोकं पक्कं बसवून, तिन्ही दिशांची मापं धरून, मेंदूत खोल हव्या त्या बिंदूवर इलेक्ट्रोड उतरवता येत असे. ही चौकट वापरून हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी १९४० साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा आतला, खालचा भाग दोन्ही बाजूंना जाळला. पिट्युटरीला हात लागला नव्हता, तरी उंदीर फुगत गेले. हे उंदीर शस्त्रक्रियेनंतर अधाशासारखे खातात, हे ब्रोबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ साली येल विद्यापीठात दाखवलं.

आनंद येलला पोचले ते या टप्प्यावर. जन्म लाहोरचा, १९१७चा. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात ते शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते आणि रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले होते. आतल्या भागाला इजा केली की प्राणी लठ्ठ होतो, हे तोवर कळलं होतं. आनंद यांनी त्याच आडव्या पातळीवर इलेक्ट्रोड मधल्या रेषेपासून आणखी दूर, बाहेरच्या कडेला नेला. दोन्ही बाजूंना तिथे छोटा ठिपका जाळला की उंदीर खाणं पूर्ण सोडून देई. पिंजऱ्यात अन्न असायचं, तोंड-जीभ-जबडा शाबूत असायचा, आणि तरी प्राणी अन्नापाशी उपाशी मरायचा. एकाच बाजूला इजा केली तर काही बिघडत नसे. इलेक्ट्रोड जरासा आत सरकला तर नेमकं उलट घडे. आधी आतला भाग जाळून लठ्ठ केलेल्या उंदरांत नंतर बाहेरचा भागही जाळला, तर तेही खाणं थांबवत. मांजरांतही हेच दिसलं. प्रत्येक प्राण्याच्या मेंदूचे पातळ काप करून इजा नेमकी कुठे झाली हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं गेलं. प्रयोगाचं खरं बळ या शरीररचनेच्या काटेकोरपणात होतं. अंतर मिलिमीटरच्या अंशांत मोजायचं, आणि तेवढ्याशा अंतरावर एका बाजूला हाव तर दुसऱ्या बाजूला उपासमार.

अशा निष्कर्षातून सिद्धांत न निघता तरच नवल. हेच ठिकाण विजेने उत्तेजित केलं की मांजर जास्त खातं, हे होझे डेल्गादो आणि आनंद यांनी १९५३ साली दाखवलं. १९५४ साली एलियट स्टेलर यांनी सगळं एका आकृतीत बसवलं: बाहेर खायला लावणारं केंद्र, आत थांबवणारं केंद्र, दोघांचा एकमेकांवर वचक. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना, बलदेव सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन भागांतल्या एकेका चेतापेशीचे विद्युतसंकेत नोंदवले. रक्तातली साखर वाढवली की आतल्या भागातल्या पेशींचा वेग वाढे आणि बाहेरच्या भागातल्यांचा मंदावे. १९६० च्या दशकाच्या आरंभी, भारतात नव्याने उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळेत हे काम झालं, हे लक्षात घेतलं की त्याची जात कळते. आनंद स्वतः दोन ठिपक्यांवर थांबणारे नव्हते. १९६१ सालच्या त्यांच्या विस्तृत आढाव्यात मेंदूच्या वरच्या भागांचा, विशेषतः भावनांशी जोडलेल्या लिंबिक भागांचा, खाण्यावर काय ताबा चालतो याची चर्चा आहे. दाव्यापेक्षा नोंदीवर विश्वास ठेवण्याची त्यांची वृत्ती दुसरीकडेही दिसते. योगी हृदय थांबवतात या ख्यातीची वेंगर आणि बागची यांच्याबरोबर त्यांनी तपासणी केली, तेव्हा नाडी हाताला लागेनाशी होते पण हृदय चालूच असतं, असा निष्कर्ष १९६१ साली छापला गेला. छातीतला दाब वाढवून हृदयाकडे परतणारं रक्त कमी केलं की एवढं घडतं. या निष्कर्षाने ना भक्त खूश झाले असतील, ना थट्टा करणारे.

केंद्रांच्या सिद्धांताला पहिला तडा मात्र साध्या शुश्रूषेतून गेला. फिलिप टायटलबॉम आणि स्टेलर यांनी १९५४ साली असेच बाहेरच्या भागाला इजा केलेले उंदीर नळीने भरवून जिवंत ठेवले. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, उंदीर आपणहून खाऊ लागले. आधी ओलं, चविष्ट अन्न, मग कोरडं. टायटलबॉम आणि एपस्टाइन यांनी १९६२ साली या सुधारणेच्या पायऱ्या नीट मांडल्या. भुकेचं केंद्र जळून गेलं असेल तर भूक परत आली कुठून? याला एक उत्तर असं देता येतं की उरलेल्या पेशींनी काम सांभाळलं. ते उत्तर चुकीचं नाही, पण त्यामुळे ‘केंद्र’ ही कल्पना आधीच सैल होते. दुसरा तडा जास्त खोल होता. विजेने जाळलेला ठिपका फक्त तिथल्या पेशी मारत नाही, तिथून नुसते जाणारे चेतातंतूही तोडतो. आणि हायपोथॅलॅमसच्या बाहेरच्या कडेवरून मेंदूतली एक मोठी रहदारी जाते. स्टॉकहोमच्या उंगरस्टेट यांनी १९७१ साली डोपामाइन वाहणाऱ्या तंतूंची ती वाट रसायनाने निवडून नष्ट केली, हायपोथॅलॅमसच्या बाहेर, आणि उंदरांनी तसंच खाणं-पिणं सोडलं. हे उंदीर नुसते न खाणारे नव्हते, ते कशाचीच दखल न घेणारे, हालचालीलाच मंदावलेले होते. पाट फोडला की शेत कोरडं पडतं, म्हणून पाणी पाटात उगवतं असं कोणी म्हणत नाही. इथे मात्र जवळजवळ तसंच म्हटलं गेलं होतं. नंतर तंतू शाबूत ठेवून फक्त पेशी मारणारी रसायनं हाताशी आली. १९८४ साली विन आणि सहकाऱ्यांनी असं एक रसायन वापरून बाहेरचा भाग नष्ट केला, तेव्हा खाणं कमी झालं, पण १९५१ च्या उंदरांइतकी गंभीर अवस्था आली नाही. म्हणजे आनंद यांच्या उंदरांच्या उपासमारीत दोन गोष्टी मिसळल्या होत्या: भुकेशी खरोखर संबंध असलेल्या काही पेशींचं मरण, आणि शेजारून जाणाऱ्या मोठ्या वाटेचं तुटणं. आतल्या बाजूचंही असंच झालं. इजा नेमकी तिथल्या पेशींच्या गाभ्यापुरती ठेवली तर लठ्ठपणा येत नाही, शेजारच्या तंतूंपर्यंत पसरली तरच येतो, असं गोल्ड यांनी १९७३ साली मांडलं. ते जरा जास्तच ठाम होतं. तो गाभा पुढे पुन्हा चित्रात आला.

उत्तेजनाच्या प्रयोगांवरही प्रश्न आले, आणि त्यांतला एक मला सर्वांत विचारात पाडणारा वाटतो. व्हॅलेन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली एका उंदराला विजेने खायला लावलं, मग पिंजऱ्यातलं अन्न काढून पाणी आणि लाकडाचे तुकडे तेवढे ठेवले आणि उत्तेजन चालू ठेवलं. त्याच इलेक्ट्रोडने, त्याच विजेने उंदीर काही काळाने पिऊ लागला किंवा लाकूड कुरतडू लागला. इलेक्ट्रोडच्या टोकाशी भूकच जागी होत असेल तर लाकूड का? तिथे जागं होतं ते कदाचित काहीतरी करायला लावणारी ओढ होती, आणि तिला दिशा दिली ती समोर जे होतं त्याने. इतकं सहज मोडणारं वाटूनही केंद्रांचं चित्र टिकलं याचं कारण ते पाठ करायला सोपं होतं, हे खरं; पण त्याहून मोठं कारण म्हणजे टीकाकारांपाशी दुसरं चित्र नव्हतं. हे केंद्र नव्हे, एवढं सिद्ध करणं म्हणजे भूक कशी चालते हे सांगणं नव्हे.

ते दुसरं चित्र मेंदूतून नव्हे, रक्तातून आलं. दोन दिशा होत्या. हार्वर्डचे ज्याँ मेयर म्हणत होते की मेंदू साखरेच्या वापराचा हिशेब ठेवतो. केनेडी १९५३ साली म्हणाले की तो चरबीचा हिशेब ठेवतो. साखरेचा हिशेब जेवणापुरता उपयोगी वाटतो, पण वर्षानुवर्षं वजन जवळपास स्थिर राहतं याचा उलगडा त्याने होत नाही. चरबीच्या बाजूने निर्णायक पुरावा हर्व्ही यांनी १९५९ साली दिला. दोन उंदीर शस्त्रक्रियेने अंगाला अंग जोडून शिवले, म्हणजे रक्तातली द्रव्यं एकमेकांत पोचतील. त्यांतल्या एकाचा हायपोथॅलॅमस आतल्या बाजूने जाळला. तो खात सुटला, फुगला. त्याचा जोडीदार, ज्याच्या मेंदूला काहीही झालं नव्हतं, खाणं टाकून खंगत गेला. या एका निकालाने १९४० च्या जखमेचा अर्थ बदलला. लठ्ठ उंदराच्या रक्तात ‘पुरे’ असं सांगणारं काहीतरी भरपूर होतं. जाळलेल्या मेंदूला ते ऐकू येत नव्हतं, जोडीदाराला नको इतकं ऐकू येत होतं. जाळला गेला तो तृप्तीचा उगम नव्हता, तिचा कान होता. मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी हीच युक्ती जन्मतः लठ्ठ असणाऱ्या दोन जातींच्या छोट्या उंदरांवर वापरली. एका जातीचा उंदीर सामान्य उंदराला जोडला की सामान्य उंदीर उपाशी मरे; दुसऱ्या जातीचा जोडला की तो लठ्ठ उंदीरच कमी खाऊ लागे. कोलमन यांनी अनुमान काढलं की दुसऱ्या जातीत संदेश तयारच होत नाही आणि पहिल्या जातीत तो ऐकणारा नाही. संदेश कोणता, हे कळायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्या संदेशाचं जनुक वेगळं केलं. चरबीच्या पेशीच तो संदेश संप्रेरकाच्या रूपात रक्तात सोडतात, त्याचं नाव लेप्टिन. वर्षभरात तो संदेश ऐकणारा ग्राहकही सापडला, आणि तो भरपूर मिळाला तो हायपोथॅलॅमसमध्ये. प्रयोगकर्त्यांनी ज्या पत्त्यावर ठिपके जाळले होते, टपाल तिथेच येत होतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. पत्ता बरोबर, तिथल्या पेशी भुकेशी जोडलेल्या, तर मग केंद्राचा सिद्धांतच शेवटी जिंकला असं का म्हणू नये? गेल्या दोन-अडीच दशकांतले प्रयोग वरवर पाहिले तर तसंच वाटतं. हायपोथॅलॅमसच्या तळाशी, वक्राकार गाभ्यात, एजीआरपी नावाचं द्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. २०११ साली स्कॉट स्टर्नसन यांच्या गटाने या पेशी प्रकाशाने चालू करता येतील असे उंदीर तयार केले. दिवा लागला की पोट भरलेला उंदीरही काही मिनिटांत खायला लागे. ही तर भुकेची कळच झाली. पण त्याच पेशींची बाकीची नोंद वाचली की उत्साह ओसरतो. प्रौढ उंदरात त्या मारल्या तर उंदीर उपाशी मरतो. नवजात पिल्लात मारल्या तर मोठेपणी तो जवळपास नेहमीसारखा खातो, असं रिचर्ड पामिटर यांच्या गटाने २००५ साली दाखवलं. प्रौढातली उपासमारही, मेंदूच्या देठातल्या एका दुसऱ्या गाभ्यात शमन करणारं औषध सोडून टळते. म्हणजे एजीआरपी पेशी गेल्यामुळे भूक गेली असं नाही. त्या ज्याला दाबून धरत होत्या तो खाणं थांबवणारा संदेश बेफाम झाला. २०१५ साली झॅकरी नाइट यांच्या गटाने भुकेल्या उंदरांत या पेशींची हालचाल थेट नोंदवली. अन्न दिसताच, पहिला घास तोंडात जायच्या आधीच, त्या शांत होऊ लागल्या. साखर वाढली नव्हती, चरबी वाढली नव्हती. मेंदू पुढे मिळणार असलेल्या अन्नाचा हिशेब आधीच वजा करत होता. ‘भूक असताना चालू, पोट भरल्यावर बंद’ अशा केंद्रात हे बसत नाही.

आनंद यांच्या बाहेरच्या भागाची गोष्ट याहून गुंतागुंतीची निघाली. तिथे अनेक जातींच्या पेशी एकमेकींत मिसळून असतात. १९९८ साली तिथे ओरेक्सिन सापडलं तेव्हा भुकेचं रसायन अखेर मिळालं असा गाजावाजा झाला. वर्षभरात कळलं की ओरेक्सिनची व्यवस्था बिघडलेल्या उंदरांना आणि कुत्र्यांना अचानक झोप येण्याचा विकार होतो. ते जितकं भुकेचं तितकंच, कदाचित जास्त, जागेपणाचं द्रव्य होतं. त्याच परिसरातलं दुसरं द्रव्य, एमसीएच, नसलेले उंदीर सडपातळ राहिले. गॅरेट स्टुबर यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं की तिथल्या एकाच वर्गाच्या पेशींतही काही पेशी अन्नाच्या दिशेने जाताना जाग्या होतात आणि वेगळ्या पेशी खाताना. आनंद यांचा एक ठिपका या साऱ्यांना एकदम जाळत होता. आणि वरचा मेंदू संपूर्ण तोडून टाकलेले उंदीर? ग्रिल आणि नॉरग्रेन यांनी १९७८ साली पाहिलं की असे उंदीर अन्न शोधत नाहीत, पण तोंडात घातलेलं गोड गिळतात, कडू बाहेर टाकतात, आणि पोट भरलं की थांबतात. म्हणजे जेवण आवरतं घेण्याचं काम मेंदूचा देठ हायपोथॅलॅमसशिवायही बरंचसं करतो. आतड्यातून निघणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकावर आधारलेली आजची वजन कमी करणारी औषधं मोठ्या प्रमाणात याच देठाच्या दारातून काम करतात. आक्षेपाला माझं उत्तर म्हणून असं: पत्ता बरोबर होता, पण तिथे राहणारं कोणी एक नव्हतं. १९५१ च्या निकालाने भुकेच्या यंत्रणेतलं एक ठिकाण निर्विवादपणे दाखवलं, जिथे घाव बसला की सगळं कोलमडतं. एखादं ठिकाण अपरिहार्य असणं आणि त्याने सगळं चालवणं यांतलं अंतर मोजायची साधनं तेव्हा कोणाकडेच नव्हती.

दुसरा आक्षेप माणसांविषयीचा. उंदीर खाद्याच्या गोळ्या खातो, माणूस सणाला, सवयीने, शेजारणीच्या आग्रहाने खातो. मग उंदराच्या हायपोथॅलॅमसचं आपल्याला काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये काही अतिलठ्ठ रुग्णांच्या मेंदूत नेमका आनंद यांचाच बिंदू जाळून पाहिला गेला. परिणाम थोडा आणि थोड्या दिवसांचा झाला, आणि ती वाट सोडली गेली. सिद्धांत पूर्ण समजण्याआधी तो रुग्णावर लादण्याचं हे उदाहरण वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. लेप्टिनचाही तसाच भ्रमनिरास झाला. बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी नसतं, उलट जास्त असतं, आणि आणखी दिलं तरी फारसं काही होत नाही. पण १९९७ साली इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन चुलत भावंडं सापडली, ज्यांच्या शरीरात सदोष जनुकामुळे लेप्टिन बनतच नव्हतं. त्यांची भूक कशाने भागत नसे. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर पहिल्या मुलीची भूक आणि वजन दोन्ही उतरले. इथे आग्रह, सण, मनाचा निश्चय यांचा काही संबंध नव्हता. उंदरातला हिशेब माणसातही चालतो हे एवढ्यावरून स्पष्ट झालं. सर्वसाधारण लठ्ठपणा याच हिशेबाचा बिघाड आहे का, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, आणि तसं ठरवून टाकणाऱ्या लेखांकडे संशयानेच पाहावं.

आणि ज्यांच्यापासून ही सगळी चर्चा सुरू झाली, ते मेंदूच्या तळाशी गाठ असलेले रुग्ण आजही आहेत. क्रॅनिओफॅरिंजिओमा ही गाठ मुलांमध्ये होते. ती स्वतः किंवा तिची शस्त्रक्रिया हायपोथॅलॅमसच्या आतल्या भागाला इजा करते, आणि मग मूल सतत भुकेलं राहून झपाट्याने वाढत जातं. आहार मोजून दिला तरी वजन चढतं. याचा सुगावा प्राण्यांत आधीच लागला होता: आतला भाग जाळलेल्या उंदरांना निरोगी उंदरांइतकंच खायला दिलं तरी ते जास्त चरबी साठवतात, कारण इन्सुलिन वाढलेलं असतं. या मुलांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, हर्व्हींच्या जखमी उंदरात होतं तसंच. त्यांच्या पालकांना ‘मुलाच्या खाण्यावर लक्ष ठेवा’ एवढाच सल्ला देणारा डॉक्टर १९४० च्याही मागे उभा असतो. वैद्यकाच्या वर्गात दोन केंद्रांची आकृती काढायला माझी हरकत नाही. तिच्या खाली उंगरस्टेट यांची तंतूंची वाट आणि हर्व्हींचे जोडलेले उंदीर काढायला फळ्यावर जागा ठेवावी, म्हणजे असं मूल समोर आल्यावर काय तुटलं आहे हे त्या विद्यार्थ्याला दिसेल.